वाऱ्याच्या वाटेवरचं बंदर

मे उजाडला की कॅरिबियन बेटांच्या आडोशाला हिवाळाभर पडून असलेल्या शेकडो शिडाच्या नौकांवर एकच लगबग उडते. पाण्याच्या टाक्या भरायच्या, शिडांच्या शिवणी तपासायच्या, कांदे-बटाटे जाळीत टांगायचे आणि जूनमध्ये चक्रीवादळांचा हंगाम सुरू व्हायच्या आत युरोपची वाट धरायची. मध्ये अख्खा अटलांटिक आडवा पडलेला. तरी पुढच्या तीन-चार आठवड्यांत यांतल्या पुष्कळशा नौका एकाच लहानशा बंदरात येऊन उभ्या राहतात. बेटाचं नाव फायाल, बंदराचं ओर्ता. पोर्तुगालच्या अझोर्स द्वीपसमूहातलं हे बेट लिस्बनपासून सुमारे १,७०० किलोमीटर आत समुद्रात आहे. सगळ्या बेटाची वस्ती पंधरा हजारांच्या आसपास, आणि मुक्कामाला वर्षाकाठी हजारावर नौका.

यॉट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एखाद्या अब्जाधीशाची पांढरीशुभ्र तरंगती हवेली येते. ओर्ताला येणाऱ्या बहुतेक यॉट तशा नसतात. दहा-बारा मीटर लांबीची फायबरची नौका, एक डोलकाठी, पाण्याखाली दोनेक मीटर उतरलेला जड कणा, आत दोन बाकं, एक शेगडी आणि अंग चोरून उभं राहावं लागेल असं न्हाणीघर. वर माणसं दोन, फार तर चार. बरेचदा निवृत्त झालेलं जोडपं. वेग ताशी पाच-सहा सागरी मैल, म्हणजे सायकलवरून रमतगमत जाणाऱ्या माणसाइतका. अँटिग्वाहून ओर्ता सुमारे २,२०० सागरी मैल, चार हजार किलोमीटरच्या वर. वारा नीट मिळाला तर सोळा-सतरा दिवस, रुसला तर तीन आठवडे.

इतक्या कष्टाने समुद्र ओलांडणारा कप्तान मुक्कामाचं बंदर पारखतो कसा, आणि इतक्या जणांची पारख याच एका ठिकाणी येऊन का थांबते, हे शोधायला गेलं की भूगोल, भौतिकशास्त्र, चारशे-पाचशे वर्षांचा इतिहास आणि एक निळ्या रंगाचं उपाहारगृह असं सगळं एकमेकांत गुंतलेलं हाती लागतं.

सुरुवात हवेपासून करावी लागते. उत्तर अटलांटिकच्या मधोमध जास्त दाबाच्या हवेचा एक प्रचंड पट्टा ठाण मांडून बसलेला असतो. हवामानशास्त्रात त्याला नावच अझोर्सवरून पडलेलं आहे. त्याच्याभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. दक्षिण अंगाला तो ईशान्येकडून वाहतो, म्हणून युरोपातून अमेरिकेकडे जाणारे कॅनरी बेटांवरून पाठीवर वारा घेऊन आरामात जातात. परत येताना तोच वारा तोंडावर येतो. शिडाच्या नौकेला थेट वाऱ्यात घुसता येत नाही. तिला नागमोडी जावं लागतं आणि अंतर वाढत जातं. त्यामुळे परतणारा कप्तान आधी सरळ उत्तरेकडे चढतो, पश्चिमी वारे लागेपर्यंत, आणि मग पूर्वेकडे वळतो. नकाशावर ही वाट उगाच घातलेल्या वळशासारखी दिसते. पण त्या वळशावर, जिथे पाणी संपत आलेलं असतं आणि एखादं शीड फाटलेलं असतं, बरोब्बर तिथे ही नऊ बेटं समुद्राच्या तळातून वर आलेल्या ज्वालामुखींवर उभी आहेत. आजूबाजूला शेकडो मैल दुसरं काही नाही.

ही वाट काही यॉटवाल्यांनी शोधलेली नाही. १४९३ च्या फेब्रुवारीत कोलंबस पहिल्या सफरीवरून परतताना याच वळशाने आला आणि वादळाने झोडपलेली त्याची 'नीन्या' अझोर्समधल्या सान्ता मारिया बेटाला लागली. वादळात केलेला नवस फेडायला त्याचे खलाशी किनाऱ्यावरच्या लहानशा देवळात गेले, तर तिथल्या पोर्तुगीजांनी त्यांना धरून ठेवलं. नवा भूखंड गाठून आलेल्यांचं युरोपातलं हे पहिलं स्वागत! पुढे सुटका झाली, पण मुक्कामाचं बंदर पारखताना किनाऱ्यावरचे अधिकारी कसे आहेत हेही विचारात घ्यावं लागतं, याचा हा फार जुना दाखला.

या वाटेचा गोव्याशीही जुना संबंध आहे. गोवा-कोचीनहून मिरी, दालचिनी, कापड भरून लिस्बनला निघणारी पोर्तुगीजांची महाकाय जहाजं आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून सेंट हेलेनावरून वर यायची. विषुववृत्त ओलांडलं की त्यांनाही तोच ईशान्येचा वारा तोंडावर यायचा, आणि तीही अटलांटिकात पश्चिमेकडे मोठा फेर घेऊन अझोर्सला पोचायची. सहा-सात महिन्यांच्या प्रवासातला हा शेवटचा थांबा. गोड्या पाण्याची पिंपं आणि ताजी फळं इथे मिळायची, निम्मेअधिक आजारी असलेल्या खलाशांना जमीन मिळायची आणि पुढच्या वाटेवर चाच्यांपासून राखण करायला आरमार मिळायचं. ते आलं नाही तर काय व्हायचं, हे १५९२ च्या ऑगस्टमध्ये दिसलं. भारताहून निघालेलं 'माद्रे दे देउस' इंग्रजांनी अझोर्सच्याच फ्लोरेस बेटाजवळ गाठलं आणि इंग्लंडमधल्या डार्टमथ बंदरात नेलं. त्यातला मसाला आणि जवाहीर गावकऱ्यांनी इतक्या उत्साहाने लुटलं, की लूट सावरायला राणी एलिझाबेथला आपला दरबारी वॉल्टर रॅले याला तुरुंगातून सोडावं लागलं.

पण गोव्याची ही जहाजं ओर्ताला थांबत नसत. त्यांचा थांबा होता शेजारच्या तेर्सेइरा बेटावरचं अंग्रा. ओर्ता आणि अंग्रा यांच्यातला फरक हाच बंदर-पारखीचा सगळ्यात चांगला धडा आहे.

लांबून येणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो बंदर सापडण्याचा. आज प्रत्येक नौकेवर उपग्रहावरून ठिकाण कळतं. तरी डोळ्यांना खूण लागतेच. फायालच्या समोर, सात-आठ किलोमीटरच्या खाडीपलीकडे पिको नावाचं बेट आहे आणि त्यावर त्याच नावाचा २,३५१ मीटर उंचीचा ज्वालामुखीचा सुळका. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. त्याच्यावर आणखी सातशे मीटर चढवा आणि सगळं थेट समुद्रातून उभं करा. पृथ्वीची गोलाई हिशेबात धरली तरी हा सुळका दीडशे किलोमीटरहून लांबून दिसायला हवा. प्रत्यक्षात तो बहुधा ढगात असतो. मग कधीतरी पहाटे ढग फाटतो, आणि जिथे शोधत होतो त्याच्या कितीतरी वर, आकाशातच, काळं टोक दिसतं. सोळा दिवस क्षितिजाच्या रेषेवर डोळे लावून बसलेल्या माणसाला मान वर करावी लागते.

दुसरा प्रश्न तोंडाशी खोली किती आणि ती कधी. कोकणातल्या माणसाला हा समजावून सांगायला नको. आपल्या अनेक खाड्यांच्या तोंडाशी नदीने आणलेल्या वाळूचा दांडा असतो. त्यावर भरतीला पाणी असतं, सुकतीला लाटा फुटतात. त्यामुळे आत शिरायचं ते भरतीचं गणित करून. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा आपल्या किनाऱ्यावरचा हिशेब. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. यंत्राशिवाय, पंचांगावर चालणारं हे वेळापत्रक मला नेहमीच अचाट वाटत आलं आहे. ओर्ताला याची गरज पडत नाही. भरती-ओहोटीतला फरक दीड मीटरच्या आसपास, मोठी नदी नाही, त्यामुळे दांडा नाही, आणि ज्वालामुखीची बेटं असल्याने पाणी किनाऱ्याच्या अगदी जवळपर्यंत खोल. रात्री दोन वाजता, थकलेल्या दोन माणसांना, अनोळखी बंदरात दिवे पाहत शिरता येतं. यॉटवाल्याच्या दृष्टीने ही चैन आहे.

आता आडोसा. इथे नवशिक्याची आणि मुरलेल्या कप्तानाची नजर वेगळी होते. नवशिका वारा कुठून येतो ते पाहतो. मुरलेला माणूस पाणी कुठून येतं ते पाहतो.

हजार मैलांवर कुठेतरी वादळ होतं. तिथे उठलेल्या लाटा वादळ संपलं तरी चालत राहतात. वाटेत लहान लाटा विरून जातात आणि उरतात त्या लांब, गोल पाठीच्या, संथ लाटा. एका लाटेनंतर बारा सेकंदांनी दुसरी येत असेल, तर खोल समुद्रात त्या दोघींमध्ये सव्वादोनशे मीटरचं अंतर असतं. एवढी लांब लाट पाण्याच्या वरच्या थरातच हलते असं नाही. तिची हालचाल खाली शंभर-सव्वाशे मीटरपर्यंत पोचते, आणि तळ तितका वर आला की लाटेला तळ लागतो. लाटेचा जो भाग उथळ पाण्यात येतो तो मंदावतो, खोल पाण्यातला भाग पुढेच पळत राहतो, आणि अख्खी लाट उथळाकडे वळते. भूशिराला वळसा घालून ती आडोशाच्या मागे येते. वारा कोपऱ्यावर अडतो आणि लाट कोपरा वळून आत येते, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा नकाशावरचा प्रत्येक उपसागर वेगळा दिसायला लागतो.

याचा त्रास कसा होतो ते पाहा. नांगरावरची नौका वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. वारा डोंगरावरून येतोय, लाट मात्र वळून बाजूने येतेय. मग लाट नौकेला आडवी धरते. डोलकाठी एका बाजूला वीस अंश, मग दुसऱ्या बाजूला वीस अंश, रात्रभर. वारा जवळपास नाही, पाणी काचेसारखं दिसतंय, आणि आत टेबलावर कप ठरत नाही. मांजर पाळलेलं असेल तर ते आधी हाय खातं. भर समुद्रात निदान शिडांचा दाब नौकेला एका बाजूला धरून ठेवतो. इथे तोही नाही. ज्या बंदरात झोप लागत नाही ते मुक्कामाचं बंदर नव्हे, मग तिथला सूर्यास्त कितीही देखणा असो.

ओर्ताचा उपसागर फायालच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. पश्चिमेचे वारे आणि पश्चिमेच्या लाटा सगळं बेट अंगावर घेतं. उत्तरेला एस्पालामाकाचं भूशिर, दक्षिणेला मोंत द गिया नावाची ज्वालामुखीच्या राखेची टेकडी, पूर्वेला थोड्या अंतरावर पिकोची भिंत. एवढं असूनही तो उपसागर मुळात अर्धाच बंद होता. ईशान्येचा आणि आग्नेयेचा वारा खाडीतून घुसायचा. १८७६ साली दगडी बांध घालायला घेतला आणि हळूहळू खरं बंदर झालं. त्यानंतरही पाणी पुरतं शांत झालं नाही, याची साक्ष विमानांनी दिली आहे. १९१९ च्या मे महिन्यात अटलांटिक ओलांडणारं पहिलं विमान, अमेरिकन नौदलाचं 'एनसी-४', याच पाण्यावर उतरलं. १९३९ पासून पॅन अमेरिकन कंपनीची पाण्यावर उतरणारी प्रवासी विमानं न्यूयॉर्क-लिस्बन वाटेवर इथे थांबू लागली. पण लाटा जरा उसळल्या की विमानाला पाण्यावरून उठता येत नसे. त्या काळी अतिशय महागडा असलेला विमानप्रवास करणारी मंडळी ओर्तात दिवसचे दिवस लाटा शांत होण्याची वाट बघत बसलेली असत. खिडकीतून पिको बघायचा, दुसरं करणार काय?

अंग्राची गोष्ट निराळी. त्याचा उपसागर दक्षिणेकडे उघडा. वर्षातला बराच काळ वारा पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा, तेव्हा मोंत ब्राझिल नावाचा डोंगर छान आडोसा देतो. शहर उत्तम, गोदामं उत्तम, आरमाराची कचेरी तिथेच. पण वारा आग्नेयेला फिरला की बंदराचा सापळा होतो. जहाजाच्या मागे खडक, पुढे वारा, आणि शिडं उभारून बाहेर पडायला जागा नाही. अंग्राचे लोक या वाऱ्याला 'सुतार' म्हणत, कारण तो वाहून गेला की किनाऱ्यावर जहाजांच्या लाकडांची रास पडे आणि सुतारांची चंगळ होई. डच प्रवासी लिन्सखोटेन गोव्याच्या आर्चबिशपचा कारभारी म्हणून पाच वर्षं काढून १५८९ साली परतत होता. मलाक्क्याहून आलेलं एक भरलेलं जहाज याच बंदरात, नांगरावर असताना, वादळाने फोडलं. बुडालेला माल वर काढायच्या कामासाठी तो थांबला आणि दोन वर्षं तिथेच अडकला. पुढे त्याने लिहिलेल्या प्रवासग्रंथाने डचांना आणि इंग्रजांना भारताची वाट दाखवली. त्या अडकण्यात त्याने बेटांची बारीक नोंद केली, हे आपलं नशीब. अंग्राच्या तळाशी आजही इतक्या जहाजांचे सांगाडे आहेत, की पाण्याखालच्या पुरातत्त्वाचं ते एक मोठं भांडार मानलं जातं.

हे ऐकून नांगर टाकला की काम झालं असं वाटणाऱ्याचा भ्रम गेला असेल. नांगर वजनाने नौकेला धरत नाही. बारा मीटरच्या नौकेचा नांगर एक माणूस उचलू शकतो, वीस-पंचवीस किलोचा. तो धरतो तळात रुतून, आणि रुततो तेव्हाच, जेव्हा त्याला आडवं ओढलं जातं. वर ओढलं तर उपटला जातो. म्हणून साखळी खोलीच्या चार-पाचपट सोडायची. तिचं वजन तिला तळावर लोळवत ठेवतं आणि ओढ आडवी राहते. तळ वाळूचा किंवा घट्ट चिखलाचा असेल तर उत्तम, शेवाळ असेल तर नांगर त्यावरून घसरत जातो, आणि खडक असेल तर एकतर धरत नाही किंवा असा अडकतो की सकाळी वर येत नाही.

नांगराने धरलंय की नाही हे कप्तान कसा ओळखतो, ते पाहण्यासारखं असतं. साखळी सोडून झाली की तो इंजिन हळूच मागे टाकतो. साखळी ताणली जाते. मग तो पुढे जाऊन नाळेवर वाकतो आणि साखळीवर तळहात ठेवतो. नांगर तळावरून फरफटत असेल तर साखळी थरथरते. दगडांवरून, वाळूवरून जाताना तिची गुरगुर हाताला लागते, आठ-दहा मीटर खालच्या, न दिसणाऱ्या तळाची. ती गुरगुर थांबली आणि साखळी नुसतीच ताठ, मुकी राहिली, की धरलं. तरी तो लगेच खाली जात नाही. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरतो, एखादं घर आणि त्यामागचा विजेचा खांब. अर्ध्या तासाने ती रेष तशीच असेल तर चहा ठेवायला हरकत नाही.

ओर्तात आज बहुतेकांना नांगर टाकावा लागत नाही. १९८६ साली तिथे यॉटसाठी मरिना झाली, सुमारे तीनशे जागांची. हंगामात त्याही पुरत नाहीत, मग भिंतीला एक नौका, तिला दुसरी, दुसरीला तिसरी अशा पाच-पाच नौका एकमेकींना बांधून उभ्या राहतात. बाहेरच्या नौकेवरच्या माणसाला किनाऱ्यावर जायचं तर चार जणांच्या अंगणातून जावं लागतं. जाणकार माणूस डोलकाठीच्या पुढच्या बाजूने, पाय न वाजवता जातो. मागच्या बाजूला माणसांची बसायची जागा असते आणि तिथे डोकावणं म्हणजे दुसऱ्याच्या माजघरात डोकावणं. आणि बांधून घेताना पहिला प्रश्न नाव-गाव नसतो, "निघणार कधी?" हा असतो. भिंतीलगतच्याला पहाटे निघायचं असेल तर बाहेरच्या चौघांना उठावं लागतं.

जमिनीवरच्या सोयींबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. परवान्याचं, जकातीचं आणि मरिनाचं काम एकाच धक्क्यावर उरकतं. डिझेल, पाणी, पाव, लोणी, गरम पाण्याची आंघोळ, कपडे धुण्याची सोय सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. शीड शिवणारा आणि इंजिनाचा मेकॅनिक असणं या सगळ्याहून मोलाचं, आणि ते ओर्तात आहेत, कारण वर्षानुवर्षं मोडक्या नौका इथेच येत राहिल्या. गिऱ्हाईक आधी आलं, कारागीर मागून तयार झाले. सोयी करून बंदर चालवता येईल असं मानणाऱ्या सरकारी आराखड्यांनी हा क्रम एकदा पाहावा.

१८९५ च्या जुलैमध्ये जोशुआ स्लोकम नावाचा कप्तान 'स्प्रे' या आपल्या नौकेतून एकटाच इथे येऊन गेला. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस, आणि ओर्ता हा त्याचा अटलांटिकातला पहिला मुक्काम. बेटावरच्यांनी प्रेमाने दिलेले प्लम आणि पांढरं चीज त्याने निघाल्यावर भरपूर खाल्लं आणि पोटदुखीने आडवा झाला. तापाच्या भरात त्याला सुकाणूवर कोलंबसच्या 'पिंता' जहाजाचा वाटाड्या उभा दिसला. शुद्धीवर आला तेव्हा नौका आपल्या वाटेवर नीट चालली होती. मुक्कामाचं बंदर पारखताना तिथली फळं बेतानेच खावीत, हे त्याने कुठे म्हटलेलं नसलं तरी मी त्यातून तेच घेतलं.

आणि मग 'पीटर'. बंदरासमोरचं निळं उपाहारगृह, 'पीटर कॅफे स्पोर्ट'. १९१८ साली एन्रिके आझेवेदो यांनी ते काढलं. त्यांचा मुलगा जोझे. एका ब्रिटिश जहाजावरच्या अधिकाऱ्याला तो आपल्या पीटर नावाच्या मुलासारखा दिसला आणि जोझेचा पीटर झाला तो कायमचाच. पुढे याच जोझेने वाटसरू नौकांच्या लोकांसाठी अशी कामं केली, जी कुठल्याही बंदर-खात्याच्या यादीत नसतात. पत्ता नसलेल्या माणसांची पत्रं सांभाळून ठेवायची, परकं चलन बदलून द्यायचं, नवख्याला मेकॅनिकाकडे पोचवायचं, मागे राहिलेल्या नौकेची खबर घ्यायची. भर समुद्रातल्या माणसाचा पत्ता म्हणजे 'पीटर, ओर्ता' एवढाच. उपग्रह फोन येण्याआधी एखादी नौका पोचली की नाही हे घरच्यांना कळायची ती एक जागा होती. माझ्या मते ओर्ताला ओर्ता केलं ते दगडी बांधाने जितकं, तितकंच या माणसाने. बंदरात खडीसाखर वाटली म्हणून कोणी थांबत नाही, पण आपण आलो नाही तर कोणीतरी विचारणा करील, या भरवशावर लोक वाट वाकडी करून येतात.

मरिनाच्या भिंतींवर आणि धक्क्याच्या फरशीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी काढलेली चित्रं हे आता ओर्ताचं सगळ्यांत जास्त फोटो निघणारं ठिकाण. चित्र न काढता गेलेल्या नौकेला समुद्रात अपशकुन होतो, अशी समजूत. मला शकुनापेक्षा त्यातली नोंदवही जास्त भुलवते. कोणी वहीच्या पानाएवढा चौकोन रंगवतं, कोणी दाराएवढा. नौकेचं नाव, साल, माणसांची नावं, कुठून कुठे. मधूनच एखादं लहान मुलाने काढलेलं डॉल्फिन, ज्याला पाच पाय वाटावेत असे पर. खारं पाणी आणि ऊन काही वर्षांत रंग खातं, मग पुसट झालेल्या चौकोनावर दुसरं कोणी रंग चढवतं. जुने लोक परत आले तर आधी आपलं चित्र शोधतात आणि ब्रश घेऊन बसतात. अनेक नौकांची ती एकमेव सार्वजनिक नोंद असेल.

या सगळ्यामुळे ओर्ता अढळ आहे असं मात्र नव्हे. त्याच्या पश्चिमेला सुमारे १३० सागरी मैलांवर फ्लोरेस बेट आहे. तिथल्या लाजेस बंदरात छोटी मरिना झाली आणि अमेरिकेकडून येणाऱ्यांना एक दिवस आधीच विसावा मिळू लागला. २ ऑक्टोबर २०१९ ला लोरेंझो चक्रीवादळ त्या बाजूने गेलं आणि लाटांनी लाजेसचा बांधच मोडून टाकला. बेटाचं मालवाहू बंदर तेच, त्यामुळे फ्लोरेसच्या लोकांना जिन्नस मिळायची पंचाईत झाली. नकाशावर जवळचं दिसलेलं बंदर एका रात्रीत नकाशावरच उरलं.

याच कसोट्या घेऊन मी कोकणपट्टीकडे पाहतो तेव्हा विजयदुर्गापाशी थांबावंसं वाटतं. वाघोटन खाडीच्या तोंडावर दक्षिणेला किल्ल्याचं भूशिर, आत खोल पाणी, तोंडाशी दांडा नाही. ब्रिटिशांच्या काळातल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटिअरने या बंदराला कुठल्याही हवामानात शिरण्याजोगं आणि पावसाळ्यातही सुरक्षित म्हटलं होतं. मराठ्यांच्या आरमाराने गोदी याच खाडीत बांधली, ती उगाच नव्हे. निसर्गाने दिलेल्या आडोशाचे गुण मोजले तर विजयदुर्ग ओर्ताच्या पुढे जाईल. पण जगभर फिरणाऱ्या यॉट तिथे येत नाहीत, कारण त्यांचा वारा तिकडून जात नाही. जानेवारी-फेब्रुवारीत ईशान्येच्या मोसमी वाऱ्यावर त्या श्रीलंका-मालदीववरून तांबड्या समुद्राकडे निघतात. वाटेत भारतात थांबल्याच तर कोचीनला. तिथून कोकणात यायचं म्हणजे सातशे-आठशे किलोमीटर वायव्येच्या वाऱ्याविरुद्ध रखडायचं. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि पुष्कळांनी तीही वाट सोडून आफ्रिकेचा वळसा धरला.

आपल्या बंदरांची परीक्षा घेणारे वेगळे आहेत. २०१७ च्या नोव्हेंबर-अखेरीला ओखी चक्रीवादळाने अरबी समुद्रात मासेमारीला गेलेल्या केरळ-तमिळनाडूच्या बोटी उधळून लावल्या. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांतल्या ६८ बोटी, ९५२ मच्छीमारांसह, देवगडच्या बंदरात येऊन लागल्या. ६६ केरळच्या, दोन तमिळनाडूच्या. भाषा कळत नव्हती, बंदर ओळखीचं नव्हतं. दगडी भूशिराच्या आड वळलेलं ते पाणी त्यांना पुरेसं होतं.